दोन सेकंदांचा उशीर

१

सकाळी नऊला भांडी विसळून झाली की ग्वाक तेगुन बापाला सोफ्याच्या डाव्या टोकाला बसवायचा, निकामी उजव्या हाताखाली उशी सारायचा, भाजलेल्या जवाच्या चहाचा पेला डाव्या हाताला पोचेल असा ठेवायचा आणि आतल्या लहान खोलीत जाऊन कॉम्प्युटर सुरू करायचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक खूण होती. ती दाबली की आसपासच्या यंत्रांची यादी यायची. यादीत नाव एकच, 'बैठक'. त्यावर टिचकी मारली की बाहेरचा टीव्ही क्षणभर काळा व्हायचा, मधोमध एक चकती गरगरायची आणि मग आतल्या कॉम्प्युटरवर जे काही असेल ते सगळं, वायरीवाचून, बाहेरच्या पासष्ट इंची काचेवर उमटायचं.

"आलं का, बाबा?"

"आलं. आंधळ्यालाही दिसेल एवढं आलं. कर सुरू."

ही त्यांची बादुकची वेळ. एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघांचा पट, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या, समोरच्याला वेढून त्याची जागा गिळायची. म्हातारा उमेदीत असताना अख्ख्या गुन्सान बंदरात त्याच्यासमोर बसायला माणसं कचरायची. आता तो पंचाऐंशीचा होता. झटका येऊन दोन वर्षं झाली होती. उजवं अंग गेलं, नजर अधू झाली, माउस हातात धरवेना. म्हणून त्याने बाहेरून चाल सांगायची आणि तेगुनने आत ती लावायची, असं ठरून गेलं होतं. इंटरनेटवर समोर कोण असायचं ते दोघांनाही ठाऊक नसायचं.

"दहा-चार!"

तेगुन सोंगटी ठेवायचा. पण टीव्हीवरचं चित्र नेहमी दोन सेकंद मागे असायचं.

"झोपलास का रे?"

"ठेवलीय, बाबा. तिकडे दिसायला वेळ लागतो."

"तुझं सगळंच वेळ लावून. लग्न बघ, मोडलं तेसुद्धा वेळ लावून."

तेगुन दात आवळून पुढच्या चालीची वाट बघायचा. त्याचं वय त्रेपन्न होतं. कंपनीने काढून टाकल्यापासून तो लिफ्टच्या खड्ड्यांचे नकाशे घरबसल्या दुरुस्त करून द्यायचा. सकाळ बापाची, दुपार नकाशांची, संध्याकाळ पुन्हा बापाची.

२

म्हातारा स्थानिक वर्तमानपत्रात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होता. हातातल्या लाल शाईवर त्याची जेवढी माया होती तेवढी पोरांवर कधी दिसली नाही. तेगुन सैन्यात सक्तीची नोकरी करत असताना त्याने घरी एक पत्र लिहिलं होतं. थंडी फार आहे, रात्री पहाऱ्यावर आईची आठवण येते, असं काहीबाही. दहा दिवसांनी तेच पत्र परत आलं. नऊ ठिकाणी लाल शाईने दुरुस्त्या होत्या. बाकी एक ओळही नव्हती. तेगुनने पुन्हा कधी घरी पत्र लिहिलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी म्हातारा बाहेरून ओरडला, "घेतली बघ त्याने कोपऱ्यातली! लाव, सहा-तेरा लाव, लवकर!"

तेगुनने स्क्रीनकडे पाहिलं. कोपरा शाबूत होता. समोरचा खेळाडू अजून विचारच करत होता, त्याच्या नावापुढचं घड्याळ टिकटिकत होतं.

"बाबा, त्याची चाल अजून आलीच नाही."

"डोळे फुटले का तुझे? समोर दिसतंय मला."

तेगुन उत्तर देणार तोच पटावर टक् असा आवाज झाला. पांढरी सोंगटी पडली आणि कोपऱ्यातली काळी उचलली गेली. त्याने सहा-तेरा लावली. मन लगेच समजूत घालायला पुढे आलं. जन्मभर खेळलेला माणूस आहे, त्याला पुढचं दिसणारच.

पण त्या आठवड्यात तसं चार वेळा झालं. चौथ्या वेळी समोरच्याने मूर्खासारखी चाल केली, कोणीही ओळखू शकला नसता अशी. ती पडायच्या आधीच म्हातारा बाहेर खो-खो हसत होता.

३

मग गोळ्यांचा घोळ सुरू झाला.

म्हाताऱ्याच्या गोळ्या अकराच्या. वेळ तो टीव्हीवरच बघायचा, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर खाली कोपऱ्यात घड्याळ असतं त्यात. शुक्रवारी त्याने हाक मारली, "अकरा वाजून गेले. मारायचंय का मला?"

तेगुनने स्वयंपाकघरातलं घड्याळ पाहिलं. दहा अडतीस. त्याने बाहेर येऊन टीव्ही पाहिला. दहा अडतीस.

"बाबा, तुम्हाला बारीक आकडे नीट दिसत नाहीत हल्ली."

"सगळ्यात बारीक अक्षरांच्या खिळ्यांची प्रुफं वाचलीत मी. अकरा-दोन होते. तू आलास आणि मागे गेले."

"घड्याळ मागे कसं जाईल?"

"ते मला नको विचारू. लावतोस तू."

शनिवारी त्याने साडेअकरालाच जेवण मागितलं. रविवारी अकराला. दर वेळी तेगुन हात पुसत बाहेर यायचा आणि दर वेळी टीव्हीवर तंतोतंत तेच असायचं, जे आत कॉम्प्युटरवर होतं. तीच सोंगटी, तोच मिनिट. त्याने सगळं जोडणं तोडलं, पुन्हा जोडलं. नेटवर्कची डबी बंद करून दहापर्यंत मोजले आणि चालू केली. उशीर होऊ शकतो हे त्याला कळत होतं. चित्र हवेतून जातं, अडखळतं, साचून राहतं. पण लवकर कसं पोचेल? जे अजून झालंच नाही ते कुठून पोचेल?

त्याने सोलला बहिणीला फोन लावला. मिरान ऑफिसात होती, तोंडात काहीतरी होतं.

"दादा, म्हातारं बनवतंय तुला. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या चुका काढून खाल्ल्या, आता दिवसभर तूच सापडतोस."

"तसं नाही गं. तू एकदा येऊन बघ."

"येते म्हणालेच आहे. पण त्या जागेचं काय केलंस? माहितीपत्रक आलं ना टपालाने?"

"आलं."

"मग? माझी तयारी आहे, दादा. पण अर्ज तू भर. तू मोठा, तू सोबत राहतोस. मी भरला तर म्हातारं मला मेल्यावरही सोडायचं नाही."

माहितीपत्रक एका वृद्धाश्रमाचं होतं. तेगुनने ते टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या नकाशांच्या खाली दडपून ठेवलं होतं. त्याबद्दल बापाशी तो चकार शब्द बोलला नव्हता.

४

बुधवारी डाव लवकर संपला. टीव्हीचं जोडणं तोडायचं राहूनच गेलं आणि तेगुन नकाशाला बसला. नऊ मजली इमारत, लिफ्टचा खड्डा, एका बाजूला तीन सेंटिमीटर कमी पडत होते. तो रेघ सरकवत असताना बाहेरून शांत आवाज आला.

"साल चुकलंय."

"कसलं साल, बाबा?"

"माझ्या जन्माचं. एक्केचाळीस लिहिलंयस. चाळीस आहे."

तेगुनचा हात माउसवर थिजला. समोर लिफ्टचा खड्डा होता, दुसरं काही नव्हतं.

"कुठे लिहिलंय?"

"एवढा महत्त्वाचा कागद भरतोस आणि बापाचं साल चुकवतोस. खिडकीजवळची खाट मागितलीस, ते बरं केलंस."

तेगुन उठला. खोलीतून बैठकीत यायला सात पावलं लागतात, ती चालायला त्याला बराच वेळ लागला. टीव्हीवर लिफ्टचा खड्डा होता. म्हातारा पेल्यातला चहा डाव्या हाताने हळूहळू पीत होता आणि त्याच्याकडे बघत नव्हता.

"बाबा, कुठला कागद?"

"मला विचारतोस?"

तेगुन परत आत गेला आणि खालचा खण उघडला. माहितीपत्रक जिथे दडपलं होतं तिथेच, तसंच होतं. वर धूळ होती. म्हाताऱ्याला संडासापर्यंत जायला आधाराच्या चौकटीसकट दहा मिनिटं लागत. तो इथवर येऊन, वाकून, नकाशांची चळत उपसून पुन्हा रचून ठेवेल? आणि समजा रचली, तर धूळ कुठून आणली?

मिरानने सांगितलं असेल. हो, मिराननेच. तिच्या पोटात काही राहत नाही. त्याने तिला फोन केला, तिने आईची शपथ घेतली.

त्या दिवशी तेगुनने मनाशी ठरवलं की अर्ज भरायचाच नाही. आपण भरलाच नाही, तर म्हाताऱ्याने पाहिलं ते खोटं ठरेल. गोष्ट तिथेच मिटेल.

५

दुसऱ्या दिवशी त्याने फोन पुस्तकांच्या फळीवर दोन डब्यांच्या मधे उभा केला, कॅमेरा टीव्हीकडे आणि बापाकडे. रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आत जाऊन नेहमीसारखा डाव मांडला. अकराला गोळ्या देऊन त्याने फोन उचलला, कचरा टाकून येतो असं सांगून लिफ्टने खाली गेला आणि भर दुपारी आपल्या गाडीत काचा वर करून ते बघत बसला.

चित्रात म्हातारा होता, सोफा होता, मोठा टीव्ही होता. टीव्हीवर पट होता. आतून त्याचा स्वतःचा आवाज येत होता, "ठेवली, बाबा." डाव नुकताच सुरू झाला होता, पटावर पंधरा-वीस सोंगट्या असायला हव्या होत्या. टीव्हीवरचा पट जवळजवळ भरलेला होता.

तेगुनने चित्र थांबवून मोठं केलं. कोपऱ्यातलं घड्याळ दहा बावन्न दाखवत होतं, डाव तर नऊच्या सुमारास मांडला होता. म्हातारा मात्र पट बघत नव्हता. तो ओठ हलवत काहीतरी वाचत होता, प्रूफ वाचताना हलवायचा तसे. टीव्हीवर पटाशेजारी दुसरी एक खिडकी उघडली होती, तिच्यात मजकूर होता. फोनच्या एवढ्याशा चित्रात तो वाचता येत नव्हता. वाचता वाचता म्हाताऱ्याने मधेच "सोळा-तीन" असं सवयीने म्हटलं आणि आतून तेगुनचा आवाज आला, "ठेवली."

मग चित्रात तो स्वतः आला, हातात गोळ्या आणि पाणी. तो उंबऱ्यात दिसला त्याच क्षणी टीव्हीवरच्या सोंगट्या मिटल्या, पाचोळा उडावा तशा. खिडकी गेली. घड्याळ मागे सरकलं. म्हाताऱ्याने टीव्हीवरून नजर काढून मुलाकडे पाहिलं.

ती नजर तेगुनने तीनदा मागे नेऊन पाहिली. तिच्यात राग असता तर बरं झालं असतं. गोळ्या देताना तो खाली बघत होता, म्हणून तेव्हा त्याला ती दिसलीच नव्हती.

त्याने रेकॉर्डिंग पुसून टाकलं. का पुसलं ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं.

६

चार दिवस त्याने टीव्हीवर काहीच टाकलं नाही. गाण्यांची स्पर्धा लावून दिली, मासेमारीचा कार्यक्रम लावून दिला. म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं.

"कॉम्प्युटर लाव."

"बिघडलाय, बाबा."

"खोटं बोलतानाही अडखळतोस. लाव म्हणतो ना."

पाचव्या दिवशी तेगुन खाली प्लास्टिक आणि काच वेगवेगळ्या पिशव्यांत टाकून परत आला तेव्हा म्हातारा न्हाणीघरात फरशीवर पडला होता. चौकट आडवी झालेली, कपडे ओले. किती वेळ पडला होता कोण जाणे. तेगुनने त्याला काखेत हात घालून उचललं. उचलताना स्वतःच्या कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दोघंही भिंतीला टेकून खाली बसले.

"लागलं का, बाबा? कुठे लागलं?"

म्हातारा धापा टाकत होता. म्हणाला, "तुझी बायको शहाणी होती. वेळेवर गेली."

तेगुनने त्याला पुसलं, कोरडे कपडे घातले, अंथरुणावर निजवलं, पांघरूण घातलं. हे सगळं त्याने अगदी सावकाश केलं. मग लहान खोलीत जाऊन दार लावून घेतलं, टीव्ही जोडलेला नाही याची खात्री केली आणि आश्रमाचा अर्ज उघडला.

तो भराभर भरत गेला. नाव, आजार, औषधं, जेवणाची पथ्यं. शेवटी 'काही खास विनंती' असा रकाना होता. शक्य असल्यास खिडकीजवळची खाट मिळावी. हे लिहून झालं तेव्हा त्याच्या पाठीवरून गार काहीतरी उतरलं. त्याने अर्ज वर सरकवला. जन्मसाल एकोणीसशे एक्केचाळीस.

बापाचं साल त्याला पाठ होतं. पाच वर्षांपूर्वी ऐंशी पूर्ण झाल्याचा सोहळा त्यानेच केला होता, हा टीव्ही मिरानने तेव्हाच दिला होता. मग हे बोटांनी कुठून आणलं? बाहेर सामसूम होती. तो ऐकत राहिला, आता आवाज येईल म्हणून. आला नाही. तेव्हा त्याला एकाएकी संताप आला, कोणाचा ते कळेना, आणि त्याने साल तसंच ठेवून अर्ज पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रमातून बाईंचा फोन आला. आवाज गोड होता.

"जागा आहे हं. फक्त वडिलांचं साल ओळखपत्राशी जुळत नाहीये. तेवढं दुरुस्त करून पाठवाल का?"

"पाठवतो," तेगुन म्हणाला आणि दुरुस्त करून पाठवलं.

७

जायच्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याने गुरगुट्या भात दोन वाट्या खाल्ला. मग म्हणाला, "एकदा लाव. मग निघू."

"डाव मांडू?"

"डाव नको. नुसतं लाव."

तेगुनने 'बैठक'वर टिचकी मारली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसून राहिला. स्क्रीनवर काही उघडलं नाही. माउसला हात लावला नाही. आपण काही केलंच नाही तर दिसणार काय? इमारतीच्या कार्यालयाची घोषणा छतातल्या स्पीकरवरून झाली, परवा टाक्या धुणार आहेत, पाणी भरून ठेवा. ती दोनदा झाली. त्यानंतर बाहेरून नुसता श्वास ऐकू येत राहिला. मधे एकदा तो श्वास थांबला. तेगुन अर्धा उठला, तेवढ्यात तो पुन्हा सुरू झाला.

तासाभराने हाक आली. "तेगुन."

कित्येक वर्षांत बापाने त्याला नावाने हाक मारली नव्हती. तो बाहेर आला. टीव्हीवर रिकामी स्क्रीन होती, आतल्यासारखीच.

"ह्यापुढे हे लावू नकोस. टीव्ही देऊन टाक कोणाला तरी."

"काय दिसलं, बाबा?"

"काही नाही. चूक काढण्यासारखं काही नव्हतं."

आश्रम शहराबाहेर होता, अर्ध्या तासावर. स्वच्छ होता. खाट खिडकीजवळची होती. कागदांवर सह्या झाल्या, कपडे कपाटात लागले, आणि तेगुन निघायला वळला तेव्हा म्हाताऱ्याने डाव्या हाताने त्याची बाही धरली. त्या हातात एवढा जोर उरला असेल असं वाटलं नव्हतं.

"आज इथेच थांब."

"इथे राहू देत नाहीत, बाबा."

"मग मिरानकडे जा. घरी जाऊ नकोस."

"बाबा, लोक बघतायत."

"जाऊ नकोस म्हणतो ना!"

बाजूच्या खाटांवरची दोन म्हातारी माणसं टकमक बघू लागली. मदतनीस बाई जवळ आल्या, हसून म्हणाल्या, "पहिल्या दिवशी सगळेच असं करतात. तुम्ही जा, आम्ही बघतो." तेगुनने बापाची बोटं बाहीवरून सोडवली. एकेक करून सोडवावी लागली. शेवटचं बोट सोडवताना त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

८

घरी पोचला तेव्हा चार वाजत होते. बंदरावर धुकं उतरू लागलं होतं, खिडकीबाहेरच्या इमारती वरून नाहीशा होत चालल्या होत्या. सोफ्याच्या डाव्या टोकाला दोन वर्षांत पडलेला खळगा तसाच होता. तेगुन थकला होता. तो त्या खळग्यात बसला. तिथे तो आजवर एकदाही बसला नव्हता. घरात काहीतरी बोलणारं असावं म्हणून त्याने बातम्यांसाठी रिमोट दाबला.

टीव्ही काळाच राहिला. मग मधोमध चकती गरगरली, आणि त्याच्या कॉम्प्युटरची स्क्रीन उमटली.

तो उठून लहान खोलीत गेला. कॉम्प्युटर बंद होता, वरचा दिवाही लागलेला नव्हता. हात लावून पाहिला, गार. त्याने भिंतीतून वायर उपटली आणि ती हातात घेऊनच परत आला. इतके दिवस तो बाहेर आला की सगळं ठीक व्हायचं. या वेळी झालं नाही. तो पुन्हा त्याच जागेवर बसला.

टीव्हीवर एक कोरं पान उघडलेलं होतं आणि त्याच्यावर कोणीतरी टंकत होतं. अक्षरं थांबत थांबत उमटत होती.

'कळवण्यास अत्यंत दुःख होते की आमचे वडील ग्वाक पिल्सू यांचे वृद्धापकाळाने निधन झाले.'

तेगुनने कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. तारीख पुढच्या महिन्याची नऊ होती.

त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. फार नाही राहिले, असं आलं. तो स्वतःवरच चरकला. तोवर पुढची ओळ उमटली होती. 'आमचे' म्हणजे लिहिणारं दोघा भावंडांपैकीच, आणि असं थांबत थांबत टंकणारी मिरानच. तिच्याशिवाय कोण लिहिणार? पण मिरान त्याच्या खोलीत, त्याच्या खुर्चीत बसून का लिहीत होती? तिला या घराच्या दाराचं कुलूप उघडायचा आकडाही ठाऊक नव्हता.

'शोकाकुल:' आणि खाली पहिली ओळ, जिथे थोरल्या मुलाचं नाव लागतं.

'मुलगा ग्वाक तेगुन.'

ती उमटली आणि तिच्यापुढे उभी रेघ लुकलुकत राहिली. बराच वेळ. लिहिणारी काहीतरी विचार करत असावी, किंवा तोंडावर हात धरून बसली असावी. मग ओळ मागून खुडली जाऊ लागली. तेगुन गेला. ग्वाक गेला. मुलगा गेला. त्या जागी दुसरी ओळ आली, 'मुलगी ग्वाक मिरान, जावई...'

तेगुनच्या तोंडून "अगं," एवढंच निघालं. टीव्हीशी बोलल्यासारखं.

मजकूर पुरा झाला. मग तो कोणाकोणाला पाठवायचा त्याची नावं उघडली. बाण एकेका नावावर जाऊन खूण करत होता. मामा. सोलची आत्या. छापखान्यातले दोघे जण, त्यांतला एक अजून जिवंत असेल असं तेगुनला वाटलं नव्हतं. मग 'दादा'. बाण त्या नावावर येऊन थांबला. खूण झाली नाही. तेगुनने आपला फोन खिशातून काढून हातात धरला. बाण तिथेच होता. शेवटी तो हळूच खालच्या नावाकडे सरकला.

९

आश्रमात फोन बराच वेळ वाजला. बाईंनी उचलला. इथे रात्रीचं जेवण लवकर असतं, वडील जेवतायत, म्हणाल्या, रविवारी भेटायला या. तेगुन काय बोलला ते त्यालाच कळलं नाही, पण बाईंचा आवाज बदलला आणि त्यांनी फोन म्हाताऱ्याच्या कानाला लावून दिला.

"बाबा."

"घरी गेलास."

"बाबा, ती यादी..."

"माझ्या जागेवर बसलायस?"

पलीकडे ताटलीवर चमचे वाजत होते, कोणीतरी खोकत होतं.

"बाबा, माझं नाव राहिलंय त्यात. मिरानच्या हातून पुसलं गेलं. घाईत होतं असं. चूक झाली असेल तिची, नाही का?"

"तीनदा वाचलं मी ते," म्हातारा म्हणाला. "चूक नाही त्यात."

"मग मी कुठे... बाबा, नऊ तारखेच्या आधी..."

"तेगुन."

"हं."

"जेवलास का?"

या देशात दारात आलेल्या टपालवाल्यालाही माणसं हे विचारतात. तेगुनला त्याच्या बापाने हे कधी विचारलं नव्हतं. शाळेतून आल्यावर नाही, सैन्यातून आल्यावर नाही, कोर्टातून घटस्फोट घेऊन आला त्या संध्याकाळीही नाही. तेगुनला ते पुन्हा ऐकावंसं वाटलं आणि त्याच वेळी इतकी भीती वाटली की त्याने सोफ्याची कड घट्ट धरली.

"नाही अजून."

"मग जेव. गरम करून जेव. पोटभर जेव."

म्हाताऱ्याने फोन ठेवला नाही. तेगुननेही ठेवला नाही. बाहेर धुक्याने खिडकी भरून टाकली होती, आणि टीव्हीवर बाण एकेका नावापुढे खूण करत खाली खाली चालला होता.